माणशी एक बल्ब

ताई इथेच राहिली, हे आधीच सांगून टाकतो. मला स्वतःला गोष्ट वाचताना शेवटचं पान आधी बघायची सवय आहे. जिवाला घोर लावून घेणं या वयात झेपत नाही, आणि माझ्यामुळे दुसऱ्या कुणी तो लावून घ्यावा असंही वाटत नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती चौथ्या मजल्यावर एकटी राहते. चौथ्याच्या वर फक्त गच्ची. उन्हाळ्यात दुपारी तिच्या खोलीत पाऊल ठेवलं की भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटायचं. पंखा लावला तर तो छताजवळची गरम हवा गोळा करून डोक्यावर ओतायचा. दुपारची झोप तर सोडाच, पलंगाची कडसुद्धा हाताला चटका द्यायची. गेल्या उन्हाळ्यात ताई दोनदा चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पुढचा उन्हाळा या खोलीत काढायचा नाही. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, दूरच्या शहरात नोकरी करतो. तो म्हणाला, आई आता माझ्याकडे येईल, विषय संपला. विषय संपला असं फक्त तोच म्हणाला. ताईचं म्हणणं होतं की मुलाकडे चार दिवस जावं, कौतुक करून घ्यावं आणि परत यावं. जन्मभर पाहुणी होऊन राहणं तिला जमणार नव्हतं. दोन गल्ल्या सोडून माझी खोली आहे. मी भीतभीत तीही देऊ केली. "तुझ्याकडे पुस्तकांना जागा पुरत नाही," ती म्हणाली, "मला काय कपाटात उभी करणार आहेस?"

नव्या इमारतींसाठी शासनाने एक नियम केला होता. छतावर उष्णता अडवणारा थर हवा, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून झडपा हव्यात, त्याशिवाय बांधकामाला परवानगी नाही. वीज वाचावी, घरं थंड राहावीत, असा त्यामागचा विचार. नियम चांगला होता. पण जुन्या इमारतींचं त्यात नावही नव्हतं, आणि उन्हाला काही नवं-जुनं कळत नाही. म्हणून आमच्या भागात वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी एक संघटना काढली. ताई अध्यक्ष झाली, कारण तिच्यासमोर दुसरं कोणी उभं राहायला धजलं नाही. अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण बोलायचं काम माझ्याने होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. अर्ज, निवेदनं, स्मरणपत्रं, मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र. शेवटी नियम करणाऱ्या शासकीय विभागाने एवढं मान्य केलं की एका जुन्या घरावर प्रयोग करून बघू. तो यशस्वी झाला तर जुन्या इमारतींनाही अनुदान द्यावं, अशी शिफारस वर जाईल. नाही झाला तर प्रकरण बंद.

घर ताईचं ठरलं. गच्चीवर जाड हलके तक्ते बसवले, त्यावर पांढऱ्या फरश्या घातल्या, खिडक्यांना बाहेरून झडपा लावल्या. मग ऐन उन्हाळ्यातली एक दुपार चाचणीसाठी नेमली. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, आणि बारा ते चार या वेळात खोलीतला पारा एकतीसच्या वर जाता कामा नये. एकदा जरी गेला तरी नापास.

चाचणीच्या आदल्या दिवशी भाचा आला. त्याने आईशी करार केला. पास झालीस तर राहा, मी पुन्हा शब्द काढणार नाही. नापास झालीस तर उद्याच माझ्याबरोबर निघायचं, तूही शब्द काढायचा नाहीस. ताई बरं म्हणाली. तिने शब्द दिला की तो पाळते, म्हणून मला रात्री जेवण गेलं नाही.

विभागातून एक तरुण इंजिनीअर बाई आल्या. त्यांनी खोलीच्या मध्ये तिवईवर यंत्र ठेवलं, त्यावर आकडे दिसायला लागले. बारा वाजता सत्तावीस. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं, आणि आत सत्तावीस. ताई अशी बसली होती जणू छत तिनेच विणलं होतं.

एक वाजता संघटनेचे सचिव आले. त्यांच्यामागून सभासद आले, मग त्यांच्या बायका, मग खालच्या मजल्यांवरचे शेजारी, ज्यांना वरच्या मजल्याचा त्रास नव्हता पण उत्सुकता होती. पाठिंबा दिसला पाहिजे, असं सचिवांचं म्हणणं. शेवटी विभागाचे मोठे साहेबही आले, स्वतः डोळ्यांनी बघायला. बाईंनी दारातच सांगून पाहिलं की घरात रोज असतात तेवढीच माणसं असावीत. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आम्ही भिंतीला टेकून बसू, कशालाही हात लावणार नाही, असं वचन देऊन आत शिरले. साहेबांना तर बाई काय बोलणार? ते पलंगाशेजारच्या आरामखुर्चीत बसले. एवढी माणसं घरी आली म्हणताना ताईने चहाचं आधण ठेवलं. ते बाईंनी धावत जाऊन उतरवलं आणि गॅस बंद केला. "पाण्यावर भागवावं लागेल हं," ताई पाहुण्यांना म्हणाली, "सरकारी कामात चहा बसत नाही."

लोक हसले, खुशीत गप्पा सुरू झाल्या. मी यंत्राच्या जवळ उभा होतो. अठ्ठावीस झालं. एकोणतीस. मला वाटलं, दुपार आहे, चढणारच. पण मग ते भरभर चढू लागलं.

बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "काका, एक माणूस म्हणजे शंभराचा एक बल्ब धरा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "स्वस्थ बसला तरी तेवढी उष्णता देतो. या खोलीत आत्ता वीस-बावीस बल्ब जळतायत. छताचा काही दोष नाही. पण मला निकाल यंत्रावरचाच लिहावा लागेल."

त्यांनी सांगावं, असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, माझे साहेब आत बसलेत, त्यांना उठा कसं म्हणू? तुम्ही घरचे आहात, तुम्ही सांगा.

मी वळून पाहिलं. ज्या माणसांनी ताईसाठी विभागाच्या दारात उन्हात बसून दिवस काढले, तीच माणसं आता तिच्या खोलीत बसून तिला घराबाहेर काढत होती. आणि तेही किती प्रेमाने. यांतल्या एकालाही मी उठा म्हणू शकलो नसतो. मला रिक्षावाल्याला थांब म्हणतानाही घसा साफ करावा लागतो. यंत्रावर तीस दशांश तीन दिसत होतं. भाचा दाराशी उभा राहून तेच बघत होता.

मी ताईजवळ जाऊन तिच्या कानात सगळं सांगितलं. ताई कोणालाही काहीही सुनावू शकते, पण घरी आलेल्या माणसाला जा म्हणणं तिच्याही तोंडून निघणार नव्हतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं, नीट, वरपासून खालपर्यंत, बाजारात भाजी पारखावी तसं. आणि टाळी वाजवली.

"मंडळी, एक मिनिट. आमच्या पुस्तक्याने संघटनेच्या अंकासाठी छप्पर या विषयावर लेख लिहिलाय. तो आता आपल्याला वाचून दाखवणार आहे. सगळा."

तो लेख मी चारदा लिहिला होता. त्याचा अर्धा भाग फक्त ताईने वाचला होता आणि उरलेला डोळे बरे झाल्यावर वाचीन असं म्हणाली होती. तिच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला समजलं. सन्मान वगैरे काही नव्हता. मी वाचायला लागलो की काय होतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

लागलं थोडं, नाही असं नाही. पण यंत्रावर तीस दशांश पाच झालं होतं. मी पिशवीतून कागद काढले, चष्मा पुसला आणि उभा राहिलो.

"माणसाने पहिलं छप्पर कशाचं केलं असेल, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही," मी सुरुवात केली. आवाज कापत होता. ते बरंच होतं म्हणायचं, कारण मागच्यांना काही ऐकू जाईना.

पहिल्या पानावर सचिवांना एक महत्त्वाचा फोन करायचा आठवला. दुसऱ्या पानावर, गवताच्या छपराचे प्रकार आले तेव्हा, एका शेजारणीला नळ उघडा राहिल्याची शंका आली आणि तिची खात्री करायला तिच्या दोन मैत्रिणीही गेल्या. कोणी दुखावलं नाही. उलट जाताना प्रत्येक जण माझ्याकडे बघून मान हलवत होता, छान चाललंय अशी. एकेक बल्ब विझत होता. तरी आकडा चढून तीस दशांश नऊवर गेला आणि तिथे थांबला. दोन म्हातारे सभासद नेटाने बसून होते. मग मी मुद्दाम तळटिपाही वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या तळटिपेला ते एकमेकांना हात देऊन उठले.

मी वर पाहिलं तर खोलीत ताई होती, बाई होत्या, दाराबाहेर भाचा होता. आणि साहेब. ते कसे उठणार, आणि त्यांना कोण उठवणार? पण साहेब काही ऐकत नव्हते. त्यांची मान खुर्चीच्या पाठीवर टेकली होती, तोंड किंचित उघडं होतं, आणि श्वास संथ चालला होता. बाईंनी तोंडावर ओढणी धरली. मी वाचायचा थांबलो तर जाग येईल असं वाटून मी मातीची छपरं, दगडी छपरं, कौलं असं करत तसाच पुढे गेलो. तीस दशांश सहा. तीस दशांश दोन. मग तीसच्याही खाली.

चार वाजता यंत्र वाजलं. साहेबांनी दचकून डोळे उघडले, चेहऱ्यावरून हात फिरवला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पंखा कोणी लावला?" ते म्हणाले. "असं चालणार नाही. चाचणी रद्द होईल."

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. पंखा स्तब्ध होता. साहेबही बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग उठले, भिंतीला तळहात लावून पाहिला, खुर्चीवर चढून छतालाही लावला. खाली उतरल्यावर ते बाईंना एवढंच म्हणाले की शिफारशीचा मसुदा उद्याच त्यांच्या टेबलावर यावा. दारात जाताना त्यांनी मला लेख फार माहितीपूर्ण असल्याचं सांगितलं. त्यांना झोप लागली ती छतामुळे की माझ्यामुळे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कागदोपत्री ते छताच्या खात्यात गेलं आहे, आणि माझी काही हरकत नाही.

भाच्याने खिडक्या उघडल्या. करार मोडायचा त्याचा विचार दिसत नव्हता, उलट त्याचे खांदे सैल झाले होते. आईला घेऊन जायचं म्हणजे तिच्याशी रोज भांडायचं, हे त्यालाही ठाऊक असणार. बाई यंत्र बांधत होत्या, तेव्हा त्याने सहज विचारावं तसं विचारलं की त्याच्या शहरातल्या जुन्या इमारतींनाही हे लागू होईल का, कारण तोही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. बाई म्हणाल्या, अर्ज करा. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी लिहून देतो म्हणालो.

सगळे गेल्यावर ताई पलंगावर आडवी झाली. मी कागद पिशवीत भरत होतो.

"रागावलास?" तिने विचारलं.

"थोडा."

"मी जा म्हटलं असतं तर माणसं तुटली असती रे," ती म्हणाली. "तू वाचलंस की कोणी तुटत नाही, आपापल्या कामाला लागतात. प्रत्येकाला जमतं का ते?"

मी म्हणालो की कौलांच्या पुढचा भाग मला स्वतःला बरा वाटतो, तो तरी ऐक. वळून पाहिलं तर तिला झोप लागली होती, भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन, लहानपणी झोपायची तशी.

बाहेर भाचा फोनवर बायकोला सगळं रंगवून सांगत होता. मी दाराशी जाऊन त्याला हळू बोलायची खूण केली.