वाऱ्याचे आंबे

दगडाबाईच्या मळ्यात आंब्याची पाच झाडं. दुष्काळाच्या त्या साली गावात हिरवं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. टँकरच्या पाण्यातला आपला वाटा या एकट्या म्हातारीनं अंघोळ टाळून झाडांना घातला होता. त्या आंब्यांवर तिची वर्षाची ज्वारी यायची, आणि त्याच ज्वारीवर बायनाबाईच्या लेकीची, केशरची, शाळा चालायची. बायनाबाई नवऱ्याबरोबर सहा महिने ऊसतोडीला जायची, तेव्हा पोर दगडाबाईकडे राहायची. ना नातं ना गोतं, पण म्हातारीनं कधी तोंड वाकडं केलं नाही.

गावाचा रिवाज जुना. वाऱ्यानं पाडलेला आंबा वेचील त्याचा. मालकानं त्याला हात लावायचा नाही. लावला तर पुढच्या साली झाड रुसतं म्हणे. ज्या शहाण्यानं हा रिवाज घातला त्यानं दोन-चार आंब्यांचा विचार केला असणार, अख्ख्या पिकाचा नाही.

वैशाखातल्या दुपारी सगळं गाव सोसायटीच्या चारा छावणीत जनावरांपाशी बसलं होतं. एकाएकी वारं सुटलं. पावसाचा टिपूस नाही, नुसता फुफाटा. छावणीच्या ताडपत्र्या उडाल्या आणि शेजारच्या मळ्यातून आंबे पडल्याचा धबाधबा आवाज आला. सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव सगळ्यांत आधी उठले. "आरं, वाऱ्याचं हाय! चला, चला!" म्हणत त्यांनी चाऱ्याचं पोतं झटकलं. चेअरमननंच वाट दाखवल्यावर मागं कोण राहतंय? बायनाबाईही टोपलं घेऊन धावली. उसाच्या फडात सहा महिने भाकरीसंगं लोणच्याशिवाय असतं काय? शेजारणींना कोपरानं ढकलून तिनं तीन टोपली घरी नेली.

दगडाबाई बांधावर उभी होती, हात पदरात गुंडाळून. तिनं कुणाला अडवलं नाही. जन्मभर लोकांच्या झाडाखालचं तीही वेचत आली होती, आता कोणत्या तोंडानं बोलणार?

घरी टोपली उतरवल्यावर बायनाबाईला त्या बांधावरच्या म्हातारीची आठवण झाली आणि स्वतःचीच लाज वाटली. एक टोपलं डोक्यावर घेऊन ती तशीच परत फिरली.

"मावशी, हे ठिवा. लोणच्याच्या कैऱ्या म्हणून अंबाजोगाईला खपतील."

"न्हाई बाई. वाऱ्याचं मला चालत न्हाई."

"जळू द्या तो रिवाज! मी सगळ्यायला सांगते, आणून द्या म्हून."

"कुणी द्यायचं न्हाई, आन् मी घ्यायची न्हाई." म्हातारीनं टोपलं हळूच तिच्याकडे सारलं. "झाडाला एक आंबा ऱ्हायला न्हाई, बायना. मी आता नांदूरघाटला भावाकडं जाते. तिथं मीच उपरी. केशरला कुठं नेऊ?"

बायनाबाईनं टोपलं परत डोक्यावर घेतलं. फडावरची पोरं तिनं पाहिली होती. पहिल्या साली पाणी आणतात, दुसऱ्या साली मोळ्या बांधतात, तिसऱ्या साली हातात कोयता येतो. ती स्वतः अशीच कोयत्याला लागली होती.

ती घरी आली तर केशर विळीवर कैऱ्या चिरत बसली होती. पोरीचे डोळे आनंदानं चमकत होते.

"आई, लई घावल्या गं! यंदा तुमा दोघांना लोणचं पुरून उरंल."

बायनाबाईनं टोपलं खाली ठेवलं.

"तिघांना पुरंल एवढं घाल," ती म्हणाली.