घड्याळाशेजारचा काळा आकडा

मित्रांनो, कॉम्प्युटरच्या पडद्यावर उजव्या हाताला, अगदी तळाशी, घड्याळ असतं. ते सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या शेजारी कोण राहतं, हे मात्र कुणी विचारत नाही. तिथे मी राहतो. मी एक जुना, लहानसा आकडा आहे.

माझं ठिकाण शारजाच्या औद्योगिक भागात, एका गोदामाच्या ऑफिसात. गुणवंत नावाच्या कॉम्प्युटरवाल्याने मला इथे बसवलं. त्याने गोदामाच्या कोल्ड रूममध्ये तापमान मोजणारं यंत्र लावलं, त्याची वायर इथवर ओढली आणि मला सांगितलं, "आत किती गार आहे ते दाखवत राहायचं." बस, एवढंच काम. तेव्हा पडद्याखालची पट्टी पांढुरकी होती आणि मी काळाभोर. काय उठून दिसायचो म्हणून सांगू!

गोदामाचे मालक अलीमियाँ रत्नागिरीकडचे. धंदा मासळीचा. सकाळी आले की खुर्चीत बसण्याआधी माझ्याकडे बघायचे. "एक! माशाल्ला! शाब्बास रे बाबा!" मासळीचा हिशेब सोपा असतो. आकडा जितका खाली, तितका माल ताजा आणि तितकी अलीमियाँची कळी खुललेली. घड्याळाला असं कधी कुणी शाबासकी दिलेली मी ऐकली नाही.

पण सगळे दिवस सारखे नसतात. जुना कॉम्प्युटर गेला, नवा आला. पडदा मोठा, अक्षरं बारीक आणि खालची पट्टी काळी कुळकुळीत. मी मात्र होतो तसाच काळा राहिलो. काळ्यावर काळा! माझा रंग बदलायला हवा, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. गुणवंत तोवर अबुधाबीला नोकरीला लागला होता. अलीमियाँनी सुरुवातीला चष्मा वर-खाली करून मला शोधलं, मग नाद सोडला. कोल्ड रूमचं दार उघडून आत हात घालायचा आणि "गार आहे" म्हणायचं, अशी सवय त्यांना लागली. मी इमानेइतबारे खरा आकडा दाखवत होतो आणि समोर बसलेल्या माणसाला मी दिसत नव्हतो. त्याचं फार वाईट वाटायचं. घड्याळ आपल्याच तोऱ्यात असायचं, त्याला काय सांगणार?

मला करमणूक म्हणजे दुपारचा फोन. अलीमियाँ रोज गावी आपल्या धाकट्या बहिणीला, जहांआराला, फोन लावायचे. फोन टेबलावर ठेवून मोठ्याने बोलायचे, म्हणून मलाही ऐकू यायचं.

"कशी आहेस गं?"

"बरी आहे, भाईजान."

"खलास! मग झालं तर."

रोजचं हेच. जहांआराचा नवरा मागल्या वर्षी वारला. यंदा हापूसची बाग तिने एकटीने राखली होती. तिचे दीर म्हणत होते, "बाईमाणसाला झेपायचं नाही. बाग मक्त्याने देऊन टाक." ती म्हणाली, "हा एक हंगाम मला बघू द्या. माझा भाऊ आहे तिकडे." आणि सगळा आंबा तिने अलीमियाँकडे पाठवला. हा आंबा फुकट गेला असता तर बागही तिच्या हातची गेली असती.

अलीमियाँनी मासळी दुसऱ्याच्या गोदामात हलवली, कोल्ड रूम धुऊन घेतली आणि थंडी कमी-जास्त करायचा खटका आंब्याला मानवेल असा तेरा अंशांवर लावला. आंब्याला फार गारठा सोसत नाही. सोसला नाही की तो आतून काळा पडतो आणि पिकत नाही.

पेट्या आल्या त्या दिवशी उन्हाचा नुसता भडका होता. ड्रायव्हर रामचंद्र पेट्या वाहून घामाने निथळत होता. नव्या मालाच्या मागोमाग कोल्ड रूमचा खटका पार खाली करायचा, हे त्याच्या हाताला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. शेवटची पेटी ठेवून त्याने खटका खाली ओढला आणि दार लावून गेला. बिचाऱ्याच्या मनात पापही नव्हतं.

मी तेरावरून दहावर आलो. मग आठवर. मग सहावर. अरे, कुणी बघा रे इकडे! पण मला तोंड नाही. मला फक्त दिसता येतं, आणि तेच जमत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अलीमियाँनी दारातून आत हात घातला. "वा! गार आहे," म्हणाले आणि चहा घेऊन बसले. मासळीवाल्याचा तो हात, त्याला गारठा गोडच लागणार. मी तिथे, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, सहा सहा करत होतो. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात त्यांची मुलगी नबिला आली. कॉलेजातून परत जाताना ती अब्बांच्या गाडीसाठी थांबायची. ती कॉम्प्युटरपाशी बसली आणि वाकून बघायला लागली. माझ्याकडे!

"अब्बा, व्हॉट इज धिस? इथे काहीतरी लिहिलंय. ब्लॅक ऑन ब्लॅक. कोण असं करतं?"

"असेल काहीतरी जुनं. राहू दे."

"वन मिनिट." तिने कुठे कुठे जाऊन मला शोधून काढलं. रंग पांढरा केला, अक्षर जाड केलं, पट्टीत मावेल तेवढं मोठं केलं. "सी? सिक्स."

"सहा? अल्हमदुलिल्ला, छान आहे की," अलीमियाँ म्हणाले. ती जिभेची सवय. मग कप तोंडाशीच थांबला. "सहा? अगं, आत आंबा आहे!"

ते उठले ते धावतच सुटले. "रामचंद्र! यल्ला, चल लवकर, पेट्या बाहेर काढ!"

"अलीभाई, खटका मीच खाली केला. गरमी एवढी, म्हटलं माल खराब होईल."

"अरे, सुरमई आहे का ती?"

आतल्या पंख्यासमोरच्या पेट्यांतला आंबा काळा पडून गेलाच. बाकीच्या पेट्या ऑफिसभर पुठ्ठ्यांवर मांडल्या. पुढचे काही दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला होता. मग एका सकाळी आंब्याचा वास सुटला म्हणे. मला वास येत नाही, पण अलीमियाँ डोळे पुसत होते, त्यावरून मी ओळखलं.

त्या दुपारी त्यांनी फोन लावला. "जहांआरा, थोड्या पेट्या गेल्या. चूक आमची. पण बाकीचा आंबा सोन्यासारखा पिकलाय, लोक पुन्हा मागतायत. दिरांना सांग, बाग कुणालाही द्यायची नाही."

पलीकडे ती हसली की रडली, कळलं नाही.

"आणि तू कशी आहेस?"

"बरी आहे, भाईजान."

अलीमियाँ "खलास" म्हणणार होते. पण त्यांची नजर माझ्यावर गेली. मग फोन उचलून कानाला लावला. "खरं सांग."

 मग ती काही बोलली. काय ते मला ऐकू आलं नाही. अलीमियाँ एवढंच म्हणाले, "एकटीच जेवतेस? रोज?" आणि दुसऱ्याच दिवशी विमानाचं तिकीट काढलं.

मित्रांनो, आता हंगाम संपलाय. कोल्ड रूम रिकामी आहे, अलीमियाँ गावी आहेत आणि ऑफिसला कुलूप आहे. कॉम्प्युटर तेवढा चालू राहिलाय. मी पांढरा, जाड, स्वच्छ दिसतोय, पण बघायला कुणी नाही. माझं एक मागणं आहे. तुमच्या घरी, किंवा दूर गावी, कुणीतरी रोज एकच उत्तर देत असेल. एकदा चष्मा पुसून, जवळ जाऊन, ते नीट वाचा.

माझं विचाराल तर, मी बरा आहे.