सुतकात ओतलेलं पाणी

मी एक पांढरा प्लास्टिकचा ड्रम बोलतोय. आज मी गोड बोलणार नाही. सुरतेतल्या बमरोलीच्या एका चाळीच्या गच्चीवर मी आडवा पडलोय, माझ्या पोटावर लाथेचा पोचा आहे आणि मला राग आला आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पहिल्यांदा माझ्यात केमिकल भरलं आणि मला सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कापड रंगवायच्या मिलमध्ये नेलं. केमिकल संपलं तसं मला भंगारात फेकलं. माणसांची ही रीतच आहे. वापरा आणि फेका. ड्रमचं ठीक आहे हो, पण ते माणसांनाही तसंच वागवतात, हे मला नंतर कळलं.

भंगारातून मला आनंदा नावाच्या माणसाने उचललं. तो त्याच मिलच्या बॉयलरवर कामाला होता. मूळ गाव धुळ्याकडचं. बमरोलीत एका खोलीत तो आणि त्याचा धाकटा भाऊ लोटू राहायचे. त्याने मला इतक्या वेळा धुतलं की माझा जुना वास मीच विसरलो. मग माझं तोंड कापून मोठं केलं, पण कडेने चार बोटं काठ ठेवला. "हलवताना पाणी सांडायला नको," तो म्हणाला. हा काठ लक्षात ठेवा.

माझ्यात त्याने शेवाळ वाढवलं. सुरतेत त्याला लील म्हणतात. खाडीकाठची हिरवी घाण बाटलीत आणायचा, वाढवायचा, कमजोर पडली की टाकून पुन्हा आणायचा. असं करत एक जात सापडली, जी सुरतेच्या उन्हातही मरेना. ती माझ्यात रात्रंदिवस बुडबुड करायची. उन्हात माझं पोट बाहेरूनही हिरवंगार दिसायचं.

चाळीतली पोरं चिडवायची, "ए लीलवाले, यावर बुलेट चालेल का?"

"तुझी जीभ बिनपेट्रोलची चालते," आनंदा म्हणायचा. "बुलेटला तेल लागतं. ते मी देईन."

आणि दिलंच त्याने! शेवाळ गाळलं, वाळवलं, खटपट करून वाटीभर तेल काढलं. त्यात वात लावली. दिवा पेटला तेव्हा माशासारखा वास सुटला आणि दोघे भाऊ नाक धरून नाचले. लोटूचं शिक्षण म्हणजे शाळेच्या भिंतीवरून उड्या. पण त्या दिवशी तो ओरडून सांगत होता, "आमची कंपनी निघणार!"

कंपनीसाठी आनंदाला दोन गोष्टी हव्या होत्या. मिलच्या बॉयलरचा धूर, कारण शेवाळ त्या धुरावर पोसतं. आणि मिलची मोकळी गच्ची. त्याने शेठला फोन केला. फोन स्पीकरवर होता. लोटू आणि मी शेजारीच होतो.

शेठ हसून म्हणाला, "पहेला टांकी साफ करी आप, पछी तारी लील जोईशुं."

म्हणजे आधी टाकी साफ कर, मग तुझं शेवाळ बघू. मिलच्या घाण पाण्याची जमिनीखालची टाकी. तिच्यात विषारी गॅस साठतो, हे शेठला माहीत नव्हतं? तिथल्या कुत्र्यालाही माहीत होतं, ते तिकडे फिरकत नसे.

आनंदा उतरला. ना मास्क, ना दोरी. तो वर आला नाही.

आता शेठ सगळ्यांना सांगतो, "तो आपल्या मनाने उतरला. कोणी सांगितलं नव्हतं." खोटं! साफ खोटं! मी ऐकलंय. लोटूने ऐकलंय. तो चौकीत ओरडून आला तर त्यालाच बाहेर काढलं. मग ड्रमची साक्ष कोण घेणार?

लोटू दवाखान्यात भावाच्या देहासाठी थांबला होता, तेव्हा इकडे सुभद्राआत्या आली. आनंदाच्या बापाची बहीण. घरात माणूस गेलं की घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतून देतात. हंडा, कळशी, माठ. रीत आहे. आत्याने रडत रडत खोलीतलं पाणी ओतलं, मग चाळीतल्या माणसांना गच्चीवर पाठवलं. त्यांनी मला आडवं केलं.

आनंदाची सगळी मेहनत पन्हाळीतून गटारात गेली. भिंतीवर हिरवा ओघळ राहिला.

लोटूने आल्या आल्या तो ओघळ पाहिला. "कोनी फेकं? हाई पानी कोनी फेकं?"

"सुतकनं पानी घरमा ठेवतस का, बेटा?"

"हाई पानी नव्हतं, आत्या! मना भाऊ व्हता!"

आणि त्याने मला लाथ मारली. दुसरं कोण होतं मारायला? शेठ तर काचेच्या आत बसतो.

काल आत्या ब्लीचिंग पावडर आणि घासणी घेऊन वर आली. दहाव्याला पाहुणे येतील, पाणी भरायला ड्रम लागेल. तिच्यावरही मी चिडलोय. तिने वाकून आत बघितलं आणि थबकली. मी आडवा होतो ना? त्या चार बोटं काठाच्या आड ओंजळभर पाणी अडकलं होतं. हिरवं. जिवंत.

"लोटू, सुतकनं पानी ऱ्हायनं रे. फेकी दे. भाऊना जीव अडकी जाई."

लोटू धावत आला. तिच्या हातातली घासणी हिसकावून त्याने गच्चीखाली भिरकावली.

"अडकू दे! अडकू दे, आत्या!"

ती पदराने तोंड दाबून जिन्यातच बसली.

मग लोटूने नळाची बादली भरून आणली. ओतणार, एवढ्यात थांबला. नळाच्या पाण्यात औषध असतं, एक दिवस उन्हात ठेवल्याशिवाय शेवाळाला देऊ नये, हा आनंदाचा नियम. ज्या पोराला चहा निवेपर्यंत धीर नसतो, तो काल दुपारपासून बादलीजवळ बसून आहे. दात आवळून.

म्हणून सांगतो, मला घासायला येऊ नका. पाहुण्यांना पाणी दुसऱ्या भांड्यात द्या.

आणि शेठ, तुम्ही म्हणाला होता ना, लील मग बघू? आनंदा टाकीत उतरला. आता या बघायला.