सत्ता बदलली आणि पाणी गोड झालं

मनवेलपाड्याच्या नाक्यावर त्या रविवारी बायका पाण्याला ओवाळायला रांग लावून उभ्या होत्या. होय, पाण्यालाच! टेबलावर पांढरी चादर, चादरीवर काचेचा ग्लास, ग्लासात नितळ पाणी आणि त्यात बुडवलेल्या धातूच्या दोन दांड्या. दांड्यांच्या यंत्राची वायर शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलेली. समोर स्टँडवर मोबाइल, आणि मोबाइलपुढे घामाने थबथबलेला ‘आतली बातमी’ चॅनलचा प्रितेश.

“मंडळी, दोन वर्षांपूर्वी याच नाक्यावर, याच यंत्राने मी तुम्हाला काय दाखवलं होतं?”

“विष!” गर्दी ओरडली.

“पाणी कसं झालं होतं?”

“काळं!”

“का झालं होतं? कारण जुन्या मंडळींनी नळाच्या पाण्यात औषध कालवलं होतं! माणूस मंद व्हावा, त्याने प्रश्न विचारू नये, गपगुमान जाऊन त्यांचंच बटण दाबावं, म्हणून! आणि आता? आपली माणसं निवडून येऊन सात दिवस झाले. तोच नळ, तीच पाइपलाइन, तेच यंत्र. हे बटण दाबलं. मोजा! एक... दोन... दहा... पडलं काळं?”

“नाही!”

“सत्ता बदलली आणि पाणी गोड झालं! पेपरवाले छापणार नाहीत. डॉक्टर सांगणार नाहीत. व्हिडिओ डिलीट व्हायच्या आत पुढे पाठवा!”

कोणीतरी शंख फुंकला. एका आजोबांनी त्या ग्लासातलं पाणी ओंजळीत घेऊन तीर्थासारखं डोळ्यांना लावलं. गर्दीच्या कडेला उभे असलेले जयवंतराव इतके भारावले की त्यांनी चष्मा काढून पुसला. चंदनसारच्या सुवर्णरेखा सोसायटीचे ते सचिव. निवृत्त झाल्यापासून त्यांचा दिवस प्रितेशच्या आवाजाने उजाडत होता.

त्यांच्या शेजारी त्यांची पत्नी आशालता उभी होती. आशालताबाई देवभोळ्या म्हणाव्यात इतक्या श्रद्धाळू. पहाटे आंघोळ, बाळकृष्णाला स्नान, तुळशीला पाणी, पोथीचं एक पान. त्याआधी चहाचा घोटही नाही. बोलणं इतकं हळू की भाजीवाला दोनदा विचारायचा. पण पूजेला पाणी कुठून आणलं, कशात भरलं, हे पाहायची त्यांना जन्माची सवय. म्हणून सगळे ग्लासाकडे बघत असताना त्यांना दुसरंच काही दिसलं. प्रितेशने ते पाणी नळाखाली धरलंच नव्हतं. झाकण लावलेल्या तांब्याच्या कलशातून ओतलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, “अहो, पाण्याचं आधण ठेवू ना?”

“कशाला? उकळलं की त्यातलं सत्त्व जातं. प्रितेशने सांगितलंय.”

“जुन्यांच्या वेळी तर तुम्ही दोनदा उकळायला लावत होता.”

“तेव्हा विष होतं त्यात.”

“मग विष उकळून जातं होय?”

“आशा, तुला राजकारणातलं कळत नाही.”

आशालताबाई गप्प बसल्या, आधणही ठेवलं नाही. पुढे कितीतरी दिवस त्या गप्प बसण्याचा त्यांना पश्चात्ताप होत राहिला.

दीड महिना गेला. एका सकाळी त्यांची आठ वर्षांची नात ऋतिका शाळेला निघेना. पोटात ढवळतंय म्हणाली, दुधाचा वासही तिला नको झाला. तिसऱ्या दिवशी सुनेने, संजनाने, तिचा चेहरा खिडकीकडे वळवला आणि तिच्या हातातला कंगवा खाली पडला. पोरीचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

“कावीळ,” डॉक्टर म्हणाले. “दूषित पाण्यातून होते. तुमच्याच इमारतीतला हा तिसरा पेशंट. घरात पाणी उकळता ना?”

जयवंतराव औषधाची चिठ्ठी वाचण्यात गढून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आशालताबाईंनी बाळकृष्णाला ताम्हनात घेतलं, वरून पाणी सोडलं आणि हात थांबवला. पाण्याला वास होता. पावसाळ्यात गटार तुंबल्यावर येतो तसा, अगदी बारीक. सांडपाण्याचं चेंबर सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीला खेटून होतं, हे त्यांना माहीत होतं. टाकी उपसायची तारीख उलटून गेलीय, हेही माहीत होतं, कारण “पाणीच शुद्ध झालंय, टाकी कशाला उपसायची?” म्हणत जयवंतरावांनीच ती रद्द केली होती.

“अहो, टाकी उघडून बघा. आणि पाणी उकळून प्या, अशी नोटीस लावा आजच्या आज.”

“वेडी झालीस? नोटीस लावली की जुनी माणसं तिचा फोटो काढणार. म्हणणार, बघा, यांच्या राज्यात पाण्यात घाण! आपणच आपल्या माणसांना खड्ड्यात घालायचं?”

“ऋतिका आपली माणूस नाही का?”

जयवंतराव म्हणाले, “पाणीपुरी खाल्ली असेल तिने कुठेतरी. मी प्रितेशला फोन केलाय. मंगळवारी येतोय इथे. लाइव्ह करून दाखवेल, म्हणजे ही कुजबुज थांबेल.”

आशालताबाईंना देवापुढे बसून रडू आलं. रागाचं रडू होतं ते. ज्या माणसाने दोन वर्षं चांगल्या पाण्याला दोनदा उकळी फोडली, तोच माणूस आता वास मारणारं पाणी आजारी पोरीच्या घशाखाली उतरवतोय. आणि का? तर खुर्चीवर बसलेली माणसं बदलली म्हणून! पोरीसाठी त्यांनी वेगळ्या पातेल्यात पाणी उकळून ठेवलं. पण इमारतीतल्या बाकीच्या पोरांचं काय?

त्या उठल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या लूर्डस टीचरकडे गेल्या. लूर्डस टीचरनी वसईच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं. रोज सकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आणि संध्याकाळी गॅलरीतल्या मोगऱ्याशी गप्पा.

“टीचर, ते यंत्र खोटं आहे का हो?”

“यंत्र बिचारं खरंच आहे, आशाताई. यंत्रवाला खोटा. शाळेत सातवीच्या पोरांना मी हेच करून दाखवायचे. पन मी सांगून कोन ऐकनार? तुमच्याकडे उपासाचं मीठ असतं ना?”

“शेंदेलोण आहे.”

“मंगळवारी खाली येताना पुडीत बांधून आणा.”

मंगळवारी सोसायटीच्या आवारात रांगोळी काढली होती. टेबल, चादर, कलश, यंत्र, मोबाइल. सगळा सरंजाम तोच. प्रितेशने घसा खाकरला.

“काही लोक अफवा पसरवतायत, मंडळी! कावीळ म्हणे! अहो, जुन्यांच्या काळात कावीळ होत नव्हती? तेव्हा ती दाबून ठेवायचे! आता आपली माणसं प्रामाणिक आहेत, म्हणून ती दिसते!”

जयवंतरावांनी टाळ्या वाजवल्या. प्रितेशने कलशातलं पाणी ग्लासात ओतलं.

“हे तुमच्याच नळाचं, आज सकाळी भरलेलं.”

“प्रितेश,” आशालताबाई म्हणाल्या. आवाज इतका हळू की ऐकायला सगळे गप्प झाले. “तो बागेतला नळ दहा पावलांवर आहे. आत्ता आमच्यासमोर भरून आण ना.”

“काकू, लाइव्ह चालूये. तिकडे नेटवर्क जातं.”

“नळाला नेटवर्क कधीपासून लागायला लागलं रे?” मागून कोणीतरी विचारलं. लोक हसले. प्रितेश हसला नाही.

“बरं, राहू दे,” आशालताबाईंनी पुडी सोडली. “आज माझा मंगळवार. हे उपासाचं मीठ. यातली चिमूट या ग्लासात टाकू?”

प्रितेशचा हात पटकन ग्लासावर गेला. “काकू, प्रयोगात असं मध्येच...”

“टाकू दे रे!” जयवंतरावच म्हणाले. बायकोला अखेर श्रद्धा बसली, असं वाटून त्यांना भरून आलं होतं. “देवाधर्माचं मीठ आहे, अमृताला काय होणार? आशा, तू टाक. बटण मी दाबतो.”

त्यांनी स्वतःच्या हाताने बटण दाबलं.

दांड्यांभोवती बुडबुडे धरले. पाणी आधी पिवळट झालं, मग हिरवट, मग तपकिरी. मिनिटभरात काळपट गाळाचा जाड थर वर तरंगायला लागला. पुढच्या रांगेतल्या बाईने पोराचे डोळे झाकले.

“विष!” एकजण किंचाळला. “काकूंनी विष टाकलं!”

आशालताबाईंनी पुडीतली दुसरी चिमूट जिभेवर ठेवली. “मीठ आहे, बाबांनो. उपासाला खातो ते.”

तेवढ्यात लूर्डस टीचर पुढे आल्या. त्यांनी प्लग काढला, एक दांडी उचलली आणि रुमालाने पुसून सगळ्यांसमोर धरली. दांडी उंदराने कुरतडल्यासारखी खड्ड्याखड्ड्यांची झाली होती.

“हे काळं पाण्यातून नाही निघालं. या लोखंडी दांडीतून निघालं. हा गंज आहे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि वीज वाहिली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं. नळाच्या पाण्यात क्षार असणारच, चांगल्या पाण्यातही असतात. म्हणून दोन वर्षांपूर्वी याने नळाचं पाणी घेतलं आणि ते काळं झालं. कलशात आहे ते क्षार काढून टाकलेलं पाणी, बॅटरीत घालायला मिळतं तसं. त्यातून वीज जात नाही, म्हणून काही होत नाही. मीठ पडलं, क्षार आले, झालं काळं. पाण्याचे फिल्टर विकणारेही हीच युक्ती करतात. फक्त ते मतं मागत नाहीत.”

मग त्यांनी बागेतल्या नळाचा ग्लास भरून आणला आणि जयवंतरावांपुढे धरला.

“वास घ्या, जयवंतराव. पोरांना आजारी पाडतं ते इतकं बारीक असतं की ते दांडीला कळत नाही. यात कावीळ असली तरी दांडी सांगणार नाही, आणि नसली तरी नाही.”

“ही जुन्यांची बाई आहे!” प्रितेश ओरडला. “पैसे मिळतात हिला! पेड आहे!”

“मी चर्चच्या गायनातली बाई आहे, बाळा. तिथे आजवर चहासुद्धा मिळाला नाही.”

लोक हसले, तोवर प्रितेशने लाइव्ह बंद केलं होतं. वायर गुंडाळत, कोणाकडे न बघता तो फाटकाबाहेर गेला. वाटलं, संपलं. पण नाही! “मीठ टाकलं तर कुठलंही पाणी नासणारच की,” असं पुटपुटत निम्मी माणसं घरी निघाली. आशालताबाईंना त्यांच्या पाठीकडे बघवेना.

जयवंतराव दबक्या आवाजात म्हणाले, “चारचौघांत मला तोंडघशी पाडलंस.”

“टाकीचं झाकण उघडा,” आशालताबाई म्हणाल्या. आवाज तसाच हळू. “मग काय बोलायचं ते बोला.”

चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला प्रथमच हुकूम केला होता. वॉचमनने पहार घातली, झाकण सरकलं, जयवंतरावांनी मोबाइलचा उजेड आत टाकला आणि ते तिथेच खाली बसले. चेंबरच्या बाजूच्या भिंतीला वीतभर तडा गेला होता. त्यातून काळसर ओघळ टाकीतल्या पाण्यात सावकाश उतरत होता. झाकणापर्यंत तो वास आला. ताम्हनातलाच वास.

संध्याकाळी ‘आतली बातमी’वर नवा व्हिडिओ आला: ‘अमृत नासवणारे चेहरे’. त्यात आशालताबाईंच्या हातातल्या पुडीभोवती लाल गोल काढला होता. तासाभरात चाळीस हजार लोकांनी तो पाहिला. तड्याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता.

जयवंतरावांनी तो तीनदा पाहिला. मग एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत त्यांनी खाली लिहिलं: ‘प्रितेश, आमच्या टाकीला तडा सापडला आहे. तीन मुलांना कावीळ झाली आहे. जुन्यांच्या वेळी तू पाण्यावर रोज बोलायचास. यावरही बोल.’

मिनिटभराने त्यांना चॅनल दिसेनासं झालं. त्यांनी मोबाइल बंद करून पुन्हा सुरू केला. तरी दिसेना.

“आशा, नेट गेलंय का गं?”

संजनाने मोबाइल हातात घेऊन पाहिला. “नेट आहे, बाबा. तुम्हाला ब्लॉक केलंय.”

दोन वर्षं रोज पाहिलेलं, हजार माणसांना पाठवलेलं चॅनल, आणि एका प्रश्नासरशी जयवंतराव त्याला परके झाले. आतल्या खोलीत ऋतिकाने पाणी मागितलं. जयवंतराव उठले, उकळलेल्या पाण्याचं पातेलं शोधलं, पेला भरून तिला दिला आणि ती पीत असताना तिच्याकडे बघत उभे राहिले.

“आधीच विचारायला हवं होतं,” ते म्हणाले. आशालताबाईंनी उद्याच्या पाण्याचं आधण ठेवलं.

देवावर श्रद्धा असावी; तो निवडणुकीला उभा राहत नाही. पण जो माणूस आपल्यासमोर येऊन काल विष दाखवतो आणि आज अमृत दाखवतो, त्याला दोन्ही दिवशी एकच प्रश्न विचारायचा असतो: हे पाणी कुठून आणलंस? सत्ता आवडती असेल त्या दिवशी तर हा प्रश्न अधिक मोठ्याने विचारावा. त्याच दिवशी तो विचारायला जीभ रेटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालच्या फळ्यावर सचिवांच्या अक्षरात नोटीस होती:

‘सर्व सभासदांनी पाणी उकळूनच प्यावे. जमिनीखालच्या टाकीला तडा गेला असून सांडपाणी आत येत आहे. टाकी आजपासून बंद. टाकीची सफाई दीड महिना आधी व्हायला हवी होती, ती मी रद्द केली, ही चूक माझी आहे. तडा जुन्यांचाही नाही आणि नव्यांचाही नाही. यापुढे कोणीही पाण्याबद्दल काहीही सांगितले, मी सांगितले तरीसुद्धा, आधी झाकण उघडून पाहावे.’