श्रीच्या जागी कै.

कर्जतच्या बाजारपेठेत लग्नपत्रिका छापायची तर आक्काबाईंच्या प्रेसवर, आणि टाईप करायची ती माधुरीनंच, असं बरीच वर्षं चाललं होतं. माधुरी आक्काबाईंची थोरली सून. तिची बोटं की-बोर्डवर चालू लागली की गिऱ्हाईक हातातला चहा विसरायचं. घरात तिला एवढा एकच मान होता आणि तो ती जिवापाड जपत होती.

मग धाकटी जाऊ आली, दिशा. आल्या आल्या तिनं आपल्या कॉम्प्युटरवर शॉर्टकट बसवले. कंट्रोल धरून एक दाबलं की 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून सगळा मायना हजर. दोन दाबलं की 'श्री.', तीन दाबलं की 'कै.', चार दाबलं की 'चि. सौ. कां.' माधुरी वरचा गणपती बसवत असायची तोवर दिशाची पत्रिका प्रिंटरमधून बाहेर! गिऱ्हाइकं सरळ धाकटीच्या खुर्चीकडं वळू लागली. आक्काबाई येईल त्याला सांगायच्या, "आमची दिशा लई हुशार हाय. नुसती टिचकी मारती अन् पत्रिका तयार."

माधुरीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. टिचक्या मारायला काय अक्कल लागते? त्यात एकदा दिशानं विचारलं, "ताई, तुमच्या मशीनवर पण बसवून देऊ का?"

"मला हात हायेत देवाच्या दयेनं," माधुरी फणकारली.

एका दुपारी दिशा जेवायला घरात गेली. माधुरीनं तिच्या मशीनवर शॉर्टकट उघडले आणि दोन नंबरसमोरचं 'श्री.' खोडून तिथं 'कै.' टाकलं. एकदा तरी हिचं हसं होऊ दे, एवढंच तिच्या मनात होतं.

जेवून आली ती दिशा भिमाजी आजोबांच्या नातवाची पत्रिका करायला बसली. आजोबा नावं सांगत होते आणि ही स्क्रीनकडं न बघता त्यांच्याशी हसत-बोलत बटणं दाबत होती. प्रिंट निघाली. आजोबांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. आधी ते स्वतः कैलासवासी, मग त्यांचे मुलगे, मग चुलते, मामा, सगळेच. निमंत्रण द्यायला अख्ख्या भावकीत एक जिवंत बाप्या उरला नव्हता.

"आगं, मी हितं हाय की अजून! लग्नकार्यात असला अपशकुन करता व्हय?" कागद टेबलावर आपटून आजोबा चालू लागले.

आक्काबाईंचा तोल गेला. "माधुरीच्या हातनं इतक्या वर्सांत असं कदी झालं न्हाई! उद्यापास्नं पत्रिका तीच करंल," असं सुनावून त्या आजोबांची समजूत घालायला मागोमाग धावल्या. माधुरीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

दिशा डोळे पुसत शॉर्टकट काढून टाकायला बसली. "तुमचंच बरं ताई. दोन नंबरला कै कसं आलं, त्या मशीनलाच ठाऊक. हातानं केलेलं हातात राहतं." एकेक ओळ पुसली जात होती आणि माधुरी मागं उभी राहून मजा बघत होती. शेवटची ओळ आली तशी ती वाकली. नऊ नंबर: 'अक्षरजुळणी: सौ. माधुरी, कर्जत.'

"हे काय गं?"

"पत्रिकेच्या खाली बारीक टाकते की, पहिल्यापासून. लोक तुमच्याच नावानं येतात ना प्रेसवर. ही ओळ तेवढी राहू देते."

रागापायी माधुरीनं धाकटीची एकही पत्रिका कधी हातात घेतली नव्हती. तिला लाज वाटली, पण लाजेच्याही आधी पोटात दुखलं. वेगात ही पुढं होतीच, आता चांगुलपणातही पुढं निघून गेली. दिशाचा इतका हेवा तिला आजवर कधी वाटला नव्हता.

"दिशा," ती कशीबशी म्हणाली, "दोन नंबरचं ते कै मी टाकलंय."

दिशानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. मग ती की-बोर्डकडं वळली आणि नऊ नंबरची ओळ पुसून टाकली.