आत वाफ आहे

एका टॅक्सीवाल्याच्या हेडलाइटमध्ये मी एकदा मासा सोडला होता. प्लॅस्टिकचा, केशरी, बोटाएवढा. रोज येऊन डोकं खायचा, "आत पाणी झालंय, तळं झालंय, काहीतरी करा." केलं. दिवा उघडला, सुकवला, मासा ठेवला, काच लावली. बटण दाबलं तर मासा झगमगतोय! आधी त्याने माझ्या सात पिढ्या काढल्या, मग स्वतःच फोटो काढत बसला. मासा काढून घ्यायला अजून आलेला नाही.

तर मी हा असा. पन्नाशी आली, केस गेले, खोड गेली नाही.

दुकान आमच्या दादाचं. गाड्यांच्या हेडलाइटमध्ये वाफ धरते, काच आतून धुरकटते, मग उजेड रस्त्यावर पडायचं सोडून काचेतच घुटमळतो. ते आम्ही बरं करतो. दिव्याला मागे हवा खेळायला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. शहाणी माणसं नेमकं तेच सिलिकॉनने बुजवतात आणि वर आम्हालाच विचारतात, "एवढं पॅक केलं, तरी पाणी कुठून आलं हो?" आतल्या आत जमलं, साहेब. बाहेर पडायची वाट तुम्हीच बंद केलीत.

दिवा भट्टीत तापवायचा, कडेचा काळा डिंक मऊ पडला की काच सोडवायची, आत कोरडं करायचं, भोक मोकळं करायचं, नवा डिंक भरून काच दाबून बसवायची. हे सगळं माझं. पुढचं दादाचं. दाराजवळ त्याचं टेबल आणि उंच स्टूल. बल्ब पेटवून दिवा तापू द्यायचा, काचेवर गार पाण्याचं फडकं ठेवायचं, जरा थांबायचं आणि कोपऱ्यात बघायचं. आत ओल राहिली असेल तर तिथे धुकं धरतं. नसेल तर दादा म्हणायचा, "जाऊ दे." त्याच्या तोंडून "जाऊ दे" आल्याशिवाय आमच्या दुकानातून दिवा हलत नसे. त्या स्टुलावर दुसरं कुणी नुसतं टेकलं तरी त्याला खपायचं नाही. मी एकदा त्यावर तो काळा डिंक लावून ठेवला होता. दादा उठला आणि स्टूल त्याच्यासोबत उठलं. दोन दिवस बोलला नाही.

माझ्या खोड्यांचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे दादा. लहानपणापासून. इतका भोळा माणूस फसवायला मिळायला भाग्य लागतं. पत्त्यांत आम्ही दोघं जोडीदार होतो तेव्हा मी कानात सांगितलं, "मी खोकलो की राणी माझ्याकडे." आणि हातात एकही राणी नसताना क्षयरोग्यासारखा खोकत सुटलो. दादाने बिनधास्त हुकूम टाकला आणि सगळा डाव घालवला. घर खो-खो हसलं. वहिनी तर अजून कुणी खोकलं की म्हणते, "राणी आली वाटतं."

गेल्या काही महिन्यांत मात्र दादाने माझं डोकं उठवलं होतं. कुठलाही दिवा समोर धरला की, "आत वाफ आहे. परत उघड."

"दादा, कालच उघडला."

"मग नीट नाही सुकवलास."

परत भट्टी, परत डिंक. परत समोर नेला की, "वाफ आहे." फडकं लावायच्या आधीच! दुकानात दिवे तुंबले. गिऱ्हाइकं दारात उभी राहून घड्याळं बघायला लागली. मला वाटलं, म्हातारा झाला, किरकिरा झाला, किंवा माझ्यावर कसला तरी जुना राग काढतोय. काढायला राग भरपूर होते.

मग मी एक गंमत केली.

एक दिवा उघडला आणि काच लावलीच नाही. नुसतं मागचं भांडं, आतला चकचकीत आरसा आणि पेटलेला बल्ब. तो घेऊन दादापुढे गेलो. दारात एक रिक्षावाला उभा होता, त्याला डोळा मारला. काउंटरवर आमचे जावईबापू, म्हणजे दादाचा जावई, बिलं फाडत होते.

"दादा, बघ रे एकदा."

दादा पुढे वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"वाफ आहे."

रिक्षावाला फुटला. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "छे! कुठे?"

"आंधळा आहेस का? ही काय, कोपऱ्यात," असं म्हणून दादाने काचेवर बोट ठेवायला हात पुढे केला. आणि जिथे काच असायला हवी होती तिथून बोट सरळ आत गेलं. पार आरशाला जाऊन टेकलं.

रिक्षावाला हसतच होता. दादाने बोट मागे घेतलं नाही. ते तसंच आत ठेवून तो उभा. मग हळूच बोट फिरवून त्याने कड चाचपली. तो कड शोधत होता. त्याला ती दिसत नव्हती.

जावईबापूंचा पेन थांबला होता.

मागच्या बेसिनवर दादा हात धुवायला गेला. बोटाला काही लागलेलं नव्हतं, तरी साबण लावून चोळत होता. मी मागून गेलो.

"कधीपासून?"

"काचबिंदू म्हणतात. गेलं ते परत येत नाही. थेंब घालतोय, आहे तेवढं टिकेल म्हणे." नळ बंद करून म्हणाला, "दिव्याकडे बघितलं की भोवती कडं दिसतं आणि सगळं धुरकट. आतली वाफ की माझ्या डोळ्यातली, कळत नाही. म्हणून सगळेच परत पाठवतो. एखादा ओला दिवा माझ्या हातून गेला आणि कुणी रात्री खड्ड्यात गेलं तर?"

"सांगायचंस ना मला."

"तुला?" दादा हसला. "तू काय केलं असतंस? काच काढून ठेवली असतीस."



दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी विषय काढला. माणूस वाईट नाही हो, बोलायला तर साखर. "बाबा, तुम्ही आता घरी आराम करा. दुरुस्तीची कटकटच नको, आपण नवे दिवे विकू. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी," दादा म्हणाला.

"पण तुम्हाला दिसत नाही, बाबा."

दादा लालेलाल झाला. "कोण म्हणतं? मांड टेबलावर दिवे. ओला कुठला, कोरडा कुठला, सांगतो. एक जरी चुकला तर स्टूल तुझं. मी परत दुकानाची पायरी चढणार नाही."

बोलून बसला. माझ्यासारखा असता तर संध्याकाळपर्यंत शब्द फिरवला असता. पण दादाचं तसं नाही.

दिवे तयार करायचं काम जावईबापूंनी माझ्याकडेच दिलं. त्यांना वाटलं, काका आपल्या बाजूचे. आंधळ्याचं पितळ यांनीच तर उघडं पाडलं! "सहा करा, काका. काहींत पाणी मारा, काही कोरडे ठेवा." मी केले. तीन ओले, तीन कोरडे. कुठले कुठले ते त्यांना दाखवूनही दिलं.

मग घरी गेलो. दादा पलंगावर बसून डोळ्यांत थेंब घालत होता. मान मागे, तोंड उघडं.

"ऐक. मी शेजारी उभा राहीन. ओला दिवा असला की खोकेन. कोरडा असला की गप्प. कळलं?"

थेंब गालावर ओघळला. दादाने तो पुसला नाही.

"खोकशील?"

"हो."

"हं."

"दादा, या वेळी खरंच. तुझ्या पायाची शपथ."

"कळलं रे, टवाळ्या. खोकशील."

वहिनी आतून ओरडली, "राणी आली का?" मी हसलो. दादाही हसला. आता वाटतं, तेव्हाच समजायला हवं होतं.

दुपारी गिऱ्हाइकं नसताना शटर अर्धं ओढलं. टेबलावर दिवे ओळीने मांडले. दादा स्टुलावर बसला, धुतलेला शर्ट घालून. जावईबापूंनी पहिला दिवा पेटवला, फडकं ठेवलं, काढलं. कोपऱ्यात धुकं इतकं दाट की मला चार हातांवरून दिसत होतं.

मी खोकलो.

दादाने डोकं माझ्या बाजूला जरा कलवलं. मग दिव्यावर वाकला, नेहमीसारखा, बघितल्यासारखं केलं.

"कोरडा. जाऊ दे."

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. दुसराही ओला होता. छाती फुटेस्तोवर खोकलो.

"पाणी देऊ का, काका?" जावईबापू म्हणाले.

"जाऊ दे," दादा म्हणाला. दिव्याला.

तिसरा कोरडा, काच आरशासारखी. मी श्वास धरून उभा.

"आत वाफ आहे," दादा म्हणाला. आवाजात पूर्वीचा रुबाब होता. असा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. हा उलटं सांगतोय. मुद्दाम, जाणूनबुजून. मी खोकतोय म्हणजे कोरडाच असणार, हा टवाळ मला चारचौघांत परत तोंडघशी पाडणार, असा त्याचा हिशोब. चौथा ओला होता. माझ्यापुढे आता दोनच वाटा होत्या. ठरल्यासारखं खोकलो तर तो उलटं सांगणार. गप्प राहिलो, आणि नेमका याच वेळी त्याने विश्वास ठेवला तर? आणि एक चूक म्हणजे खेळ खलास, असं तोच बोलला होता. खेळ कधीच संपला होता. तरी मी खोकलो. शपथ घेतली होती ना.

"कोरडा," दादा म्हणाला, आणि गालातल्या गालात हसला.

पुढचे दोन मी बघितलेही नाहीत.

सगळे संपल्यावर दादा स्टुलावरून माझ्या दिशेने वळला. नीट माझ्याकडे नाही, माझ्या जरा डावीकडे, भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल बाटलीकडे. चेहरा खुललेला. "काय रे? या वेळी नाही फसलो ना?"

मी जावयाकडे बघितलं. त्याने मान खाली घातली होती. एवढा वेळ जिंकायला आलेला माणूस, आता त्यालाही जिंकणं नकोसं झालं होतं.

"बाबा," तो म्हणाला, "सगळे चुकले."

"सगळे?"

"सहाच्या सहा."

नुसते अंदाजाने ठोकले असते तरी दोन-तीन बरोबर आले असते. सगळेच्या सगळे चुकायला आधी उत्तर माहीत असावं लागतं. हे जावयाच्या लक्षात आलं नाही. दादाच्या आलं. हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्यातलं हसणं निघून गेलं.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "खोकला खरा होता?"

जन्मभर मी त्याच्याशी खोटं बोललो, आणि एकदा खरं बोललो ते त्याला महागात पडलं. आता परत खरं बोललो असतो तर हा घरी जाऊन पलंगावर बसून रोज तेच घोळवत बसला असता, की सख्ख्या भावावर विश्वास ठेवला असता तर स्टूल राहिलं असतं.

"खरा कसला!" मी म्हणालो. "तू उलटं सांगणार हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून सरळ खोकलो. परत फसलास, दादा."

त्याने लगेच विश्वास ठेवला. एक क्षणही घेतला नाही.

"हरामखोर," तो म्हणाला. आणि त्या शिवीत केवढा तरी मोकळा श्वास होता. टेबल चाचपत, सगळे दिवे ढकलत बाहेर पडला. शटरखाली वाकताना डोकं आपटलं. मी धरायला गेलो तर हात झटकला.

आता तो घरी असतो. मला दारात उभं करत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, सख्ख्या भावाने डोळ्यांदेखत स्टूल काढून घेतलं. वहिनी रस्त्यात भेटली तरी तोंड फिरवते. मध्ये एकदा मी मुद्दाम तिच्या मागून खोकलो. वळली नाही.

दुरुस्ती अजून चालू आहे, नवे दिवे यायचेत. तपासायचं काम जावईबापूंनी मलाच दिलंय. दिवा पेटवतो, फडकं ठेवतो, कोपऱ्यात बघतो. स्टुलावर बसत नाही. उभ्यानेच "जाऊ दे" म्हणतो.