माझ्या जाळीतली थुंकी

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो. फिलिपिन्समधल्या समुद्राकाठच्या आमच्या गावात बाप्तिस्म्याला, मयताला आणि सभेला मीच लागतो. नवा होतो तेव्हा नांग बिसिंगने मला आपल्या रुमालाने पुसलं होतं. मासळी सुकवणाऱ्या बायकांमधली ती थोरली, म्हणून 'नांग', म्हणजे ताई. "आवाज गोड आहे हो याचा," म्हणाली होती. त्यानंतर मला कोणी पुसलं नाही.

गावाचे कपितान, म्हणजे सरपंच, फाउस्तो मला ओठांना चिकटवूनच बोलत. तोंडाला माडीचा वास आणि बोलण्यात बायकांवरचे विनोद. बाप्ये खो खो हसत, थुंकी माझ्या जाळीत साचत जाई. मला शिसारी यायची, पण माईकला ओकता येत नाही.

सलग तीनदा निवडून आलेल्याला लगेच चौथ्यांदा उभं राहता येत नाही. म्हणून त्यांनी बायकोला, पेर्लिताला, उभं केलं. प्रचारात तिच्या हाती मला फक्त गाण्यापुरतं दिलं. ती निवडून आली. खुर्ची तिची झाली, मी मात्र फाउस्तोंच्याच मुठीत राहिलो.

मग त्यांनी किनारा हॉटेलवाल्याला द्यायचं ठरवलं. मासळी सुकवायच्या बांबूच्या ताट्या उठणार, घरोघरच्या चुली विझणार. बायका सभेत आल्या.

"कपितान पेर्लिता, आमचा किनारा देणार का तुम्ही?" नांग बिसिंगने विचारलं.

"माझी बायको म्हणते..." फाउस्तोंनी माझ्यातून सुरुवात केली.

"तिला विचारलंय, दादा. तुम्ही आता नुसते कपितानांचे नवरे."

बायका हसल्या. फाउस्तोंनी मला पेर्लिताच्या हातात कोंबलं. "गा गं एखादं. डोकी तापलीत यांची."

आणि ती गायला लागली. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला तिचीही किळस आली.

नांग बिसिंग उठली आणि तिने माझी वायर उपटली. गाणं अर्ध्यावर तुटलं. फाउस्तोंनी मला हिसकावलं आणि ते ओरडत सुटले. वीज नव्हती, तरी थुंकी आलीच. शेवटी दम लागून ते थांबले. पेर्लिता रिकाम्या हातांनी उभी होती.

"आता बोल, पोरी," नांग बिसिंग म्हणाली.

"किनारा द्यायचा नाही," पेर्लिता म्हणाली. आवाज बारीक होता. "मी सही करणार नाही."

शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. त्या सभागृहात बोललेलं सगळ्यांत चांगलं वाक्य माझ्यातून गेलंच नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात. मलाही जपा. पण पुढच्या बाईच्या हाती देण्याआधी ही थुंकी तेवढी पुसा.